नाना शेवकरांचा पळस

नाना शेवकरांच्या फटफटीला चिंचवडात कुणीही घाबरत नसे. कोंबड्यासुद्धा नाही. रस्त्याच्या मधोमध दाणे टिपणारी कोंबडी ती फटफटी आली की मान वर करून एकदा बघे आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. आवाज मात्र असा, की पवनेच्या पलीकडच्या माणसालाही नाना निघाल्याचं कळावं. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात नानांनी ते धूड घेतलं होतं. गोऱ्या सोल्जराच्या हाताखाली ते पळालं असेल तर असेल, नानांच्या हाती आल्यापासून ते पळणं विसरलं होतं. आळंदीच्या रस्त्यावर आम्हाला सायकलवाले मागे टाकत. एकदा एका बैलगाडीवाल्यानं शेजारून जाता जाता विचारलं, "काय नाना, बसताय का गाडीत?" नानांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "आज नको. आज जरा घाईत आहे."

फटफटीवर मागे बसणारा इसम म्हणजे मी. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, त्यात मी केमिस्ट म्हणून लागलो होतो. मूळचा बार्शीकडचा, बिनलग्नाचा, चिंचवड गावात एका खोलीत राहणारा. खोलीला लागून नानांचा फोटो स्टुडिओ. आधी ओळख झाली ती राधाकाकींच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, लसणाच्या चटणीच्या वासामुळे. पुढे रविवार आला की नाना माझ्या दारावर थाप मारत आणि म्हणत, "ओ केमिस्ट, चला. जग फुललंय आणि तुम्ही दाढ्या काय करताय!" फुलांचं मला काडीचं कौतुक नव्हतं. फूल म्हणजे देवाला वाहायची किंवा बाईच्या केसांत असायची वस्तू, एवढंच माझं ज्ञान. पण काकी फटफटीच्या पिशवीत दशम्या आणि चटणी बांधून देत. मी दशम्यांसाठी गेलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नानांचा अवतार बघण्यासारखा असे. धोतराचा काचा, त्यावर खाकी कोट, डोक्यावरची काळी टोपी उडू नये म्हणून हनुवटीखालून बांधलेला मफलर, आणि डोळ्यांवर लष्करी गॉगल. कोटाच्या एका खिशात फिल्मचे रोल, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. माघ सरला की हा माणूस पिसाळल्यासारखा करी. लग्नसराईचे दिवस, स्टुडिओत कामाचा ढीग, आणि नाना खेडच्या रस्त्याला कुठल्या तरी ओढ्यात पालथे पडलेले. काटेसावर फुलली, पांगारा फुलला, खडकात धायटी लाल झाली, पडीक रानात पिवळ्या धोतऱ्याची कागदासारखी फुलं आली, की नानांना घर धरून राहवत नसे. गुलाब, मोगरा असल्या फुलांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. म्हणत, "गुलाबाला माळी असतो. ह्यांना कोण आहे?"

माणसांना ते सर्रास अरे-तुरे करत, माझ्यासारख्या एखाद्या शिकलेल्याला फार तर 'तुम्ही' म्हणत. पण रानातल्या फुलाला नेहमी अहो-जाहो. जमिनीवर पालथे पडून, कॅमेऱ्याला डोळा लावून, ते एखाद्या काटेरिंगणीच्या जांभळ्या फुलाला सांगत, "जरा मान वर करा. हां. आता हलू नका." रिंगणी वाऱ्यानं हलायचीच. मग नाना 'तुम्ही' विसरून माझ्याकडे वळून ओरडत, "अरे, घोंगडी धर की नीट!"

ही घोंगडी हा माझा छळ होता. वारा अडवायला ती दोन्ही हातांनी पसरून मी फुलाच्या बाजूला उभं राहायचं, नाना पलीकडे आडवे. एकदा चाकणच्या अलीकडे रस्त्याला लागूनच नानांना असं एक फूल सापडलं. मी घोंगडी धरून उभा. तेवढ्यात खेडहून येणारी एस.टी. कचकन थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि चार-सहा बाया धावत आल्या. घोंगडीच्या आड कुणी तरी बाई अडली आहे अशी त्या सगळ्यांची समजूत. एक म्हातारी तर "पानी तापवा, पानी तापवा" करत पदर खोचून पुढेच आली. घोंगडीआड बघते तर धोतरातला एक बाप्या पोटावर पडून फुलाशी बोलतोय. ती म्हणाली, "आगं बया, येडं हाय." नानांनी मान न वळवता उत्तर दिलं, "आजी, बाजूला सरक. उजेड अडतोय." आजी सरकली, एस.टी.सुद्धा फोटो निघेपर्यंत थांबली.

इतके कष्ट करून काढलेल्या फोटोंचं पुढे काय होई? काही नाही. नाना ते मासिकांना पाठवत आणि मासिकं ते साभार परत करत. घरात राधाकाकींना त्यांचं कौतुक नव्हतं. त्या मला म्हणत, "ह्यांच्या फुलांना ना वास, ना रंग. असली फुलं देवालासुद्धा चालायची नाहीत." आणि ते खरंच होतं. तेव्हा फोटो काळेपांढरेच असत. त्यातून नाना वापरत त्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल म्हणजे तिच्या लेखी काळा. रानात पेटल्यासारखा दिसणारा पळस नानांच्या फोटोत कोळशाची वखार होऊन येई. दर वर्षी नाना पळसाचा फोटो काढत, दर वर्षी तो काळाठिक्कर येई, आणि दर वर्षी नाना तो ओला प्रिंट उजेडाला धरून म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

स्टुडिओच्या दारावर मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'येथे माणूस असेल तसाच फोटो निघेल.' ही नुसती जाहिरात नव्हती, धमकी होती. त्या वेळी फोटोवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत, सावळ्याला गोरं करत. नानांच्या हातून ते कधी झालं नाही. शेजारच्या गावचे एक पाटील फेटा बांधून फोटो काढायला आले होते. तोंडावर देवीचे व्रण. म्हणाले, "नाना, हे तेवढं पुसून टाका." नाना म्हणाले, "पाटील, देवीनं दिलेलं पुसणारा मी कोण?" पाटील रागावून निघाले, तर त्यांची बायको दारातच अडून बसली. म्हणाली, "काढा नाना, हायेत तसेच काढा. उद्या दुसऱ्याच कुणाचा फोटो मी भिंतीला का लावू?" पाटलांचा तो फोटो नंतर पंचक्रोशीत गाजला. फोटो काढावा तर नानांकडे, कारण नानांचा फोटो खोटं बोलत नाही, असं लोक म्हणू लागले. नाना हे ऐकून फुगत. तसं त्यांना फुगायला फार लागत नसे. भाबडेपणा आणि गर्व एकाच माणसात इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

ज्या पळसामुळे हे सगळं फिरलं, तो आम्हाला फाल्गुनात भेटला. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या खोऱ्यात. गावाचं नाव सांगत नाही. न सांगायची सवय लागली आहे, ती आता सुटत नाही.

ओढ्याकाठच्या बांधावर तो एकटाच उभा होता. नानांनी असा ब्रेक मारला, की मी त्यांच्या पाठीवर आपटलो. गॉगल वर करून ते बघतच राहिले. पळसच होता, पानं गळालेला, वेडावाकडा, पण फुलं लाल नव्हती. पिवळी होती. माझ्यासारख्या फुलांच्या शत्रूलाही हे वेगळं प्रकरण आहे हे समजलं. बांधावर एक बाई गवत कापत होती. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. तिचं नाव कोंडाबाई. रान तिचंच होतं.

तिनं विळा हातात तसाच ठेवून विचारलं, "काय वो, झाड तोडाया आलाव का?"

"नाही मावशी. फोटो काढायचाय झाडाचा."

"झाडाचा फोटू? का, त्याचं लगीन हाय?"

नाना हसले, आणि काय आश्चर्य, तिला 'अहो' म्हणाले. झाडाची मालकीण म्हणून तिला ती बढती मिळाली असावी. ते म्हणाले, "मावशी, असा पळस मी आयुष्यात पाहिला नाही हो."

"आमी त्याला हळद्या म्हनतो. माज्या सासऱ्यानं राखलाय. गावातल्या पोरीला हळद लागायची असली की पैलं फूल ह्याचं नेत्यात. माज्या दोनी पोरींना लागलं." मग तिनं कॅमेऱ्याकडे संशयानं पाहिलं. "फोटू काडल्यावर आविष्य कमी व्हतं म्हनत्यात. झाड वाळंल का?"

ही भीती तेव्हा खेडोपाडी सर्वत्र होती आणि नानांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "मावशी, फोटोनं आजवर कुणी मेलं नाही. तुमचं झाड वाळलं तर मला येऊन विचारा."

कोंडाबाईनं परवानगी दिली. आमच्याबरोबर एक दशमीही खाल्ली आणि चटणीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

तो फोटो असा उतरला, की डार्करूममधून नाना ओरडतच बाहेर आले. मागे टेकडीची काळी बाजू, टेकडीवर बिनकळसाचं देऊळ, आणि पुढे फुलांनी लगडलेला पळस. काळा नाही, पांढराशुभ्र. पिवळा रंग त्या फिल्मवर पांढरा आला होता. इतक्या वर्षांचा कोळसा आज चांदीचा झाला म्हणून नाना लहान पोरासारखे नाचले. त्यांनी मोठा प्रिंट करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला आणि खाली एवढंच लिहिलं: 'पळस'. एक अक्षर जास्त नाही. फोटो स्वतः बोलतो, त्याच्या वतीनं आपण बोलू नये, असं त्यांचं मत.

फोटो बोलला, पण भलतंच बोलला. दुसऱ्याच दिवशी काचेसमोर माणसं जमली. पांढरा पळस! आपल्याकडे पांढऱ्या पळसाची काय ख्याती आहे ते सांगायला नको. त्याच्या मुळाशी गुप्तधन असतं, त्याची साल जवळ असली की कोर्टात खटला जिंकतो, असलं काय काय लोक मानतात. नाना दारात उभे राहून सांगत, "अरे बाबांनो, पांढरा नाही तो, पिवळा आहे." लोक हसत. एकानं तर त्यांना तोंडावर ऐकवलं, "नाना, आता लपवू नका. तुमचा फोटू खोटं बोलत न्हाई, हे तुमीच सांगता ना?" ह्यावर नाना आत निघून गेले. मला तेव्हा मोठी गंमत वाटली होती.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही कोंडाबाईला तिच्या झाडाचा प्रिंट द्यायला गेलो. ज्याचा फोटो त्याला एक प्रत घरपोच, हा नानांचा शिरस्ता. फुलं तोवर झडून गेली होती. आता तो चारचौघांसारखा एक निष्पर्ण पळस होता, त्याचा रंग ओळखायला काही खूण उरली नव्हती. पण झाडाच्या बुंध्याशी कंबरभर खड्डा होता. एका बाजूची मुळं तोडून टाकलेली, साल उचकटलेली, हळदीकुंकू आणि फुटका नारळ पडलेला. फोटोतलं ते बिनकळसाचं देऊळ कुणी तरी बरोबर ओळखलं होतं. कोंडाबाई खड्ड्याच्या काठावर काठी घेऊन बसली होती. शेतातलं काम टाकून ती तिथं राखण करत होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. नाना जवळ गेल्यावर शांतपणे म्हणाली, "नाना, झाड वाळलं तर येऊन इचारा म्हनला व्हता. मला काय चिंचवडाला येनं जमलं न्हाई. हितंच इचारते."

नानांच्या हातात तो प्रिंट होता. तो त्यांनी कोटाच्या आत घातला. मग तिच्याकडून खोरं आणि घमेलं मागून घेतलं आणि खड्ड्यात माती ओढायला लागले. कोट, मफलर, गॉगल, सगळ्यांसकट. मीही हात लावला. संध्याकाळ होईस्तोवर खड्डा बुजवला. परतताना मात्र नानांनी ती फटफटी भन्नाट हाणली. लष्करातलं पळणं ती विसरली नव्हती तर. मोशीच्या उतारावर मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेत होतो.

घरी येताच नानांनी काचेतला फोटो काढून टाकला. त्यानं आणखी बिघडलं. नानांनी फोटो लपवला म्हणजे प्रकरण खरं आहे, असं लोक म्हणायला लागले. नानांना हंडा सापडला अशीही एक बातमी निघाली. राधाकाकींच्या हातात नव्या बांगड्या दिसतात का, ते बघायला शेजारच्या बाया हळदीकुंकवाचं निमित्त काढून येऊन गेल्या. आम्ही पुन्हा गेलो तर दुसऱ्या बाजूनं नवा खड्डा. कोंडाबाई म्हणाली, "किती दिस राखू नाना? माज्या पोटापान्याचं काय?" पोलिसांत सांगावं तर सरकारी माणूसही झाडाची मुळी घेऊन जायचा, अशी तिला खात्री होती.

त्या रात्री नानांनी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे, दाढी केलेली, डोळे लाल, पण आवाज पूर्वीसारखा ठणठणीत. हातात एक लाल काच. आकाशातले ढग उठून दिसावेत म्हणून ही काच भिंगासमोर लावायची असते. नाना म्हणाले, "केमिस्ट, रजा टाका. खेडच्या घाटाकडे पळस उशिरा फुललाय. ह्या काचेतून लाल रंग कसा येतो ठाऊक आहे?"

"कसा?"

"पांढरा."

पुण्याच्या लष्कर भागातून त्यांनी लाल रंग दिसणारी वेगळी फिल्म मागवली. पुढचा सगळा आठवडा आम्ही त्या भागातला फुललेला प्रत्येक पळस गाठला. खेड, मोशी, देहू, तळेगाव. सगळे लालभडक, आणि नानांच्या प्रिंटवर सगळे पांढरेफेक. नानांनी ते सगळे काचेत टांगले आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'पांढरा पळस, मोशी.' 'पांढरा पळस, देहू.' त्यांच्या मधोमध तो पहिला फोटोही परत लावला, गावाचं नाव भलतंच घालून. नाना शेवकरांनी फोटोखाली खोटं लिहिलेलं मी प्रथमच पाहत होतो. लिहिताना नेहमीसारखं सुंदर वळणदार अक्षर काढलं.

दोन दिवसांत स्टुडिओसमोर जत्रा भरली. मोशीचा एक शेतकरी तावातावानं पुढे आला. "नाना, ह्यो पळस माज्या दारातला हाय. लालभडक हाय त्यो! सकाळच्याला बघून आलोय."

"असेल," नाना म्हणाले. "फोटोत पांढरा आहे."

"म्हंजी फोटू खोटा?"

नानांनी कोटातून लाल काच काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि जत्रेतल्या गारुड्यासारखं सगळं समजावून सांगितलं. लोक आळीपाळीनं काच डोळ्याला लावून हसायला लागले. मग तोच शेतकरी म्हणाला, "आन् मधला? त्यो पैला, ज्याच्यापायी लोकांनी रान उकरलं?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर गॉगल पुसला. म्हणाले, "तोही तसाच."

गर्दीत हशा झाला. कुणी तरी शिट्टी मारली. पाटलांच्या गावचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "आन् आमाला सांगत व्हते, नानांचा फोटू म्हंजी देवाची आन!" ज्यांनी कुदळी घेऊन रात्री जागवल्या होत्या ते सर्वांत जास्त चिडले होते. हळूहळू गर्दी पांगली. नानांनी शिडी आणली, दारावरची पाटी उतरवली आणि काकींच्या हातात दिली. काकींनी ती धुऊनपुसून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. त्या दिवसानंतर भामेच्या खोऱ्यात कुणी कुदळ घेऊन गेलं नाही.

नानांचं नाव मात्र गेलं. धंदा बसला असं नाही, उलट भलतंच गिऱ्हाईक वाढलं. एक बाई सावळ्या मुलीला घेऊन आली. स्थळाला दाखवायला फोटो हवा होता, गोरा. नाना नाही म्हणाले तशी ती कडाडली, "पळस गोरा केलात, मग माझ्या पोरीला काय झालं?" नाना म्हणाले, "वहिनी, पळसाच्या मुळाशी कुदळी लागल्या होत्या. हिच्या मुळावर कोण उठलंय?" बाईला काही कळलं नाही, पण मुलगी खुदकन हसली, आणि नानांनी ती हसताना तसाच फोटो काढला. तो बाईनं घेतला नाही. दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेली. आता नानांकडे येऊन 'असेल तसाच' मागणारं कुणी उरलं नव्हतं. तरी ह्या माणसाच्या चालण्याबोलण्यात फरक पडला नाही. बाजारात कुणी "काय नाना, लाल काच आहे का खिशात?" असं डिवचलं, की ते खरोखरच खिशातून काच काढून त्याच्या डोळ्याला लावत.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात पुण्याच्या एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर आगगाडीनं चिंचवडला उतरून नानांचा पत्ता विचारत आले. वयस्कर, शांत, फार सभ्य गृहस्थ. मी तिथं शेंगदाणे खात बसलो होतो. प्रोफेसरांनी काचेतले फोटो एकेक करून पाहिले आणि मधल्या फोटोपुढे थांबले.

"शेवकर, बाकीचे फोटो तुम्ही लाल काचेतून काढलेत हे मी ऐकलंय. पण ह्यातलं आकाश वेगळं दिसतं. लाल काच असती तर ते काळं यायला हवं होतं. हा पळस पिवळा आहे का?"

शेंगदाणा माझ्या हातातच राहिला. वर्षभरात पहिल्यांदा कुणी तरी तो फोटो नीट वाचला होता.

प्रोफेसर सांगत होते, पिवळा पळस फार दुर्मिळ, ते त्याच्यावर लेख लिहिणार होते, फोटो पानभर छापणार होते, नानांच्या नावासकट. ज्या माणसाचे फोटो आयुष्यभर साभार परत आले, त्याच्या स्टुडिओत येऊन कुणी तरी हे म्हणत होतं. नानांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी विचारलं, "छापायचं तर झाडाची जागा लिहावी लागेल?"

"अर्थात. जागा नसली तर कोण विश्वास ठेवील?"

नाना उठले. चहा सांगितला. मग म्हणाले, "लाल काचच आहे, साहेब. आकाश त्या दिवशी ढगाळ होतं, म्हणून उजळ आलं. तुम्हाला उगाच खेप पडली."

प्रोफेसरांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. मग टोपी उचलली. "तुमच्यासारख्या कसबी माणसानं हे करायला नको होतं," ते म्हणाले. नाना म्हणाले, "हो. चुकलंच." चहा न घेता ते गेले.

मी नानांवर भडकलो. असा मी त्यांच्यावर कधी भडकलो नव्हतो. "सांगून टाकायचं होतंत! तो सज्जन माणूस काय कुदळ घेऊन येणार होता?"

"तो नाही येणार," नाना म्हणाले. "त्याचा लेख वाचून येतील. चला, ऊन उतरलंय, निघू."

त्या संध्याकाळी आम्ही गेलो ती माझी त्यांच्याबरोबरची शेवटची फेरी. मला मुंबईला नोकरी लागली होती, चार दिवसांत निघायचं होतं. ओढ्याशी पोचलो तर अर्धा पळस वाळलेला होता. जिकडची मुळं तोडली होती तिकडच्या फांद्या काळ्या, वठलेल्या. पण उरलेल्या अर्ध्यावर फुलं होती. खच्चून होती. कोंडाबाई लांबूनच ओरडली, "नाना, बगा की, जगलं!" जवळ येऊन म्हणाली, "काडा आता फोटू."

"नको मावशी. नुसतं बघतो."

कॅमेरा पिशवीतच राहिला. नाना बांधावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर पार टक्कल पडलेलं मला तेव्हा प्रथमच दिसलं. बराच वेळ झाडाकडे पाहून ते म्हणाले, "केमिस्ट, रंग कुठला आहे?"

"पिवळा."

"असं नाही. नीट बघून सांगा."

मी नीट पाहिलं. इतक्या वर्षांत नानांच्या मागे बसून शेकडो फुलं मी बघितल्यासारखी केली होती. ते एक खरोखर पाहिलं. एक फूल उचलून हातात घेतलं. "हळदीसारखा आहे. देठाकडे जरासा हिरवट."

"बरोबर," नाना म्हणाले. "माझ्या सांगण्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही सांगा. आत्ता नाही हं. झाड आपल्या मरणानं गेलं की मग सांगा."

मग ते उठले आणि कोंडाबाईकडे खोरं मागितलं, कारण खड्ड्यातली माती पावसानं खचली होती. नानांना वेळ लागणार होता आणि परतीची शेवटची एस.टी. चुकेल म्हणून मी एकटाच रस्त्याकडे निघालो. वळून पाहिलं तेव्हा धोतर खोचून नाना माती ओढत होते आणि कोंडाबाई त्यांना कुठं ओढायची ते हात करून दाखवत होती.

नानांना जाऊन आता खूप वर्षं झाली. कोंडाबाईचा नातू चाकणच्या एका कंपनीत आहे, त्यानं परवा निरोप पाठवला, की वळवाच्या वाऱ्यात झाड पडलं. म्हातारं झालं होतं. चिंचवडातली जुनी माणसं अजूनही नाना शेवकरांचा विषय निघाला की हसून लाल काचेची गोष्ट सांगतात, म्हणून मला हे लिहावं लागलं. तो पळस पिवळा होता. हळदीसारखा, देठाकडे जरासा हिरवट. मी हातात घेऊन पाहिला आहे.